दिलेला शब्द आणि प्रकल्पाचे वेळापत्रक

(मोरा, ता. उरण येथे स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



मला दिलेला विषय आहे ‘प्रकल्प व्यवस्थापनातील संवाद, संघर्ष आणि वाटाघाटी’. मुंबई-पुण्याच्या व्यवस्थापन संस्थांत या विषयाची दोन दिवसांची कार्यशाळा भरते. वही-पेन मिळते, दुपारचे जेवण मिळते, शेवटी प्रमाणपत्र मिळते. उरण तालुका हा विषय गेली पन्नासहून अधिक वर्षे शिकतो आहे, आणि त्याची किंमत पाच जणांनी प्राण देऊन मोजली आहे. त्यामुळे तुम्हाला हा विषय शिकवण्याचा आव मी आणणार नाही. माझे आयुष्य बांधकाम प्रकल्पांची वेळापत्रके आखण्यात गेले. कोणते काम कोणत्या कामाच्या आधी, कोणाचे नंतर, कुठले लांबले तर सगळेच लांबते, हे कागदावर मांडणे हा माझा पेशा. त्या खिडकीतून उरणकडे पाहिले की काय दिसते, तेवढे सांगतो.

प्रकल्पग्रस्तांचा संघर्ष झाला की वर्तमानपत्रांत एक वाक्य हमखास येते: ‘संवादाचा अभाव’. उरणपुरते हे वाक्य मला पटत नाही. इथे संवाद भरपूर झाला. शिष्टमंडळे मंत्रालयात गेली, मंत्री गेस्ट हाउसवर आले, अधिकाऱ्यांनी गावात सभा घेतल्या, निवेदनांचे गठ्ठे झाले. माझे म्हणणे वेगळे आहे. बैठकीत दिलेला शब्द प्रकल्पाच्या वेळापत्रकात एक काम म्हणून कधी लिहिला गेला नाही. जो शब्द वेळापत्रकात नसतो, तो प्रकल्पाच्या दृष्टीने दिलेलाच नसतो.

हे जरा उलगडून सांगायला हवे. १९५७च्या सुमारास अमेरिकेत ड्यूपॉन्ट कंपनीचे मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँडचे जेम्स केली यांनी एक पद्धत बसवली. तिला ‘क्रिटिकल पाथ मेथड’ म्हणतात. प्रकल्पातली सगळी कामे लिहायची, कुठले काम संपल्याशिवाय कुठले सुरू होत नाही ते दाखवायचे, आणि त्यातली सर्वांत लांब साखळी शोधायची. या साखळीतले काम एक दिवस लांबले की प्रकल्प एक दिवस लांबतो. मोरा बंदरात हे समजावणे सोपे आहे. लाँच तयार आहे, तांडेल तयार आहे, उतारू भाऊच्या धक्क्याचे तिकीट काढून उभे आहेत. पण ओहोटी लागली आणि गाळावर पाणी उरले नाही, तर लाँच सुटत नाही. इथे पाणी हे क्रिटिकल. बाकीच्या कामांना थोडीफार मोकळीक असते, तिला आम्ही ‘फ्लोट’ म्हणतो. साइटवरच्या प्रत्येक इंजिनिअरला एक गोष्ट अनुभवाने कळते: ज्या कामाला फ्लोट भरपूर, त्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही.

आता प्रश्न असा की आपल्या भागातल्या प्रकल्पांत पुनर्वसनाला फ्लोट किती होता?

नवी मुंबईपासून सुरुवात करू. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६०च्या दशकाच्या मध्याला खाडीपलीकडच्या जुळ्या शहराची कल्पना मांडली. ते शहर वसवण्यासाठी १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली. ठाणे, पनवेल आणि उरण भागातली ९५ गावे, सुमारे ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्र, शहरासाठी ठरले. जमीन १८९४च्या भूसंपादन कायद्याने घ्यायची. त्या कायद्याची भाषा एकाच बाजूने बोलत होती: नोटीस निघे, हरकत ऐकली जाई, निवाडा होई, ताबा घेतला जाई. वाटाघाट म्हणजे देवाणघेवाण. या कायद्यात शेतकऱ्याकडे द्यायला जमीन होती आणि मागायला फक्त भाव. सरकारच्या हातात भावाचा आकडा, शेतकऱ्याच्या हातात ताबा न देणे. दोन्ही बाजूंची हत्यारे एवढीच असली की बोलणे लवकर संपते.

१९८४च्या जानेवारीत ते संपले. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री होते, शेतकऱ्यांचे नेतृत्व जासईचे दि. बा. पाटील करीत होते. १६ जानेवारीला दास्तान फाट्यावर आणि १७ जानेवारीला नवघर फाट्यावर गोळीबार झाला आणि पाच शेतकरी हुतात्मा झाले. या तालुक्याला गोळीबार नवा नव्हता. २५ सप्टेंबर १९३०चा चिरनेरचा जंगल सत्याग्रह सर्वांच्या स्मरणात आहे. पण १९३० साली समोर परके सरकार होते. १९८४ साली आपणच निवडून दिलेले सरकार आपल्याच शहरासाठी आपलीच जमीन मागत होते. म्हणून त्या दोन दिवसांचा विचार व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यानेही केला पाहिजे.

त्या लढ्यातून जे निघाले, ते वाटाघाटीच्या शास्त्रात आदर्श म्हणून शिकवावे असे होते. मेरी पार्कर फॉलेट या अमेरिकन विदुषीने १९२५ साली संघर्षावर एक व्याख्यान दिले. संघर्ष मिटवण्याच्या तीन वाटा तिने सांगितल्या. एकाने दुसऱ्याला दाबणे, दोघांनी थोडे थोडे सोडणे, किंवा दोघांनाही हवे ते मिळेल अशी तिसरीच गोष्ट शोधणे. भावाची घासाघीस ही दुसरी वाट. शेतकरी एक आकडा सांगणार, सरकार दुसरा, आणि मधल्या आकड्यावर दोघेही नाखूश. ‘साडेबारा टक्के’ ही तिसरी वाट होती. शेतकऱ्याला खरे तर काय हवे होते? शहर उभे राहिल्यावर जमिनीचे जे सोने होणार, त्यात वाटा. सरकारला काय हवे होते? तिजोरीवर आज भार न येता जमीन. संपादित क्षेत्राच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड शेतकऱ्याला परत द्यायचा, या सूत्रात दोन्ही बसले. पैसे की जमीन हा वाद मागे पडला. जमीन देणारा शहरात भागीदार झाला.

आता वेळापत्रक पाहा. संपादन सुरू झाले १९७० साली. गोळीबार १९८४चा. साडेबारा टक्क्यांचा शासन निर्णय ६ मार्च १९९०चा आणि त्यातली महत्त्वाची सुधारणा २८ ऑक्टोबर १९९४ची. वाशी तोवर उभी राहिली होती. भूखंड प्रत्यक्ष हातात पडेपर्यंत मूळ खातेदार कित्येक ठिकाणी हयात नव्हते. एका सातबाऱ्यावर आता पंधरा-वीस वारस, बहिणींचे हक्क, दोन पिढ्यांचे वाद. एक हेक्टर जमीन गेलेल्या घराचा हिशेब करा. साडेबारा टक्क्यांनी १,२५० चौरस मीटर होतात. त्यातून सार्वजनिक सोयींसाठी ३० टक्के वजा, म्हणजे उरले ८७५. ते पंधरा-वीस वारसांत वाटले की प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम ४४ ते ५८ चौरस मीटर येतात. मग बिल्डर येतो आणि भूखंड ताब्यात यायच्या आधीच त्याचा व्यवहार होतो. सूत्र उत्तम होते, उशिराने ते पोखरले. उशीर का झाला? कारण त्याला फ्लोट होता. भूखंड वाटले नाहीत म्हणून वाशीतली एकही इमारत थांबली नाही.

याच न्यायाने गावठाणातल्या घरांचा प्रश्न तयार झाला. कुटुंब वाढले, गावठाण वाढवून दिले नाही, म्हणून लोकांनी संपादित जमिनीवर घरे बांधली. त्यांना सरकारी भाषेत आधी ‘अनधिकृत’ म्हटले गेले आणि मग ‘गरजेपोटी बांधलेली घरे’. ती नियमित करण्याचा शासन निर्णय फेब्रुवारी २०२२चा. गावठाण विस्ताराचे काम १९७० साली यादीत लिहिले असते, तर हा दुसरा शब्द शोधावाच लागला नसता.

आता बंदराकडे येतो, कारण ते तुमच्या समोर आहे. न्हावा-शेव्याचे जवाहरलाल नेहरू बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झाले. त्यासाठी शेवा गाव उठले. शेतकऱ्यांची वस्ती नवीन शेवा येथे गेली आणि शेवा कोळीवाड्यातली २५६ कुटुंबे उरणजवळ हनुमान कोळीवाड्यात आणली गेली. पुढे काय झाले ते इथे बसलेल्या अनेकांनी घरात पाहिले आहे. जमिनीला वाळवी होती. दाराच्या चौकटी गेल्या, वासे गेले, कपाटातली कागदपत्रे गेली. त्या लोकांनी फेरपुनर्वसनाची मागणी लावून धरली. निवेदने दिली, बैठकांना गेले, मतदानावर बहिष्कार टाकला, आणि काहीच हलेना तेव्हा होड्या घेऊन जहाजांच्या वाटेत उभे राहिले.

बाहेरचा माणूस म्हणतो, हे आडमुठेपण आहे. मी वेळापत्रक आखणारा माणूस म्हणून सांगतो, हा अचूक तर्क आहे. बंदर बांधताना पुनर्वसन हे अखेरच्या पानावरचे काम होते. बंदर सुरू झाले, त्या दिवशी त्या कामाचा प्रकल्पाशी असलेला शेवटचा धागा तुटला. आता ते झाले काय आणि न झाले काय, एकही कंटेनर अडत नाही. जहाजाचा मार्ग अडवणे म्हणजे आपले राहिलेले काम पुन्हा क्रिटिकल साखळीत ओढून आणणे. ज्याला कागदावर जागा मिळाली नाही, तो समुद्रात जागा घेतो. संघर्ष नको असेल तर त्याला कागदावर जागा द्यावी, एवढाच त्याचा अर्थ.

याची उलट बाजू विमानतळाने दाखवली. नवी मुंबई विमानतळाला पर्यावरण मंजुरी नोव्हेंबर २०१०ची, पायाभरणी १८ फेब्रुवारी २०१८ची, उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५चे. या जागेत दहा गावांची वस्ती होती, मध्ये उलव्याची टेकडी होती, नदी वळवायची होती. गावे हलल्याशिवाय धावपट्टी होणार नव्हती. तिथे काय झाले? रोख मोबदल्याऐवजी साडेबावीस टक्के विकसित भूखंडाचे पॅकेज निघाले. घर सोडणाऱ्याला भूखंड, बांधकामाला पैसे, मधल्या काळाचे भाडे, असे टप्पे ठरले. सगळे गोड झाले असे मी म्हणणार नाही. भाड्यावरून, सुरुंगांवरून, मच्छिमारांच्या नुकसानीवरून तक्रारी झाल्या. तरीही साडेबाराचे साडेबावीस झाले, आणि तेही ताब्याआधी. आधीच्या पिढीच्या लढ्याचे श्रेय त्यात आहेच, पण साखळीचेही आहे. इथे पुनर्वसन लांबले की विमान लांबत होते, त्यामुळे वरपासून खालपर्यंत प्रत्येक अधिकारी दर आठवड्याला विचारत होता, किती घरे हलली? इतके साधे विचारणे हनुमान कोळीवाड्याच्या वाट्याला आले नाही.

वेळापत्रकाचा पहिला मुद्दा झाला. दुसरा मुद्दा, बोलायला कोण बसते याचा. प्रकल्पाच्या भाषेत हितसंबंधीयांची यादी करतात. आपल्याकडे ती यादी तलाठ्याच्या दप्तरातून निघते. ज्याचे नाव सातबाऱ्यावर, तो प्रकल्पग्रस्त. मग मिठागरावर राबणारा मजूर कोण? दुसऱ्याच्या शेतावर जगणारा कातकरी कोण? आणि कोळी? कोणत्या नाखव्याची डोल (जाळे) खाडीत कुठे लागते, हे कोळीवाड्यातल्या पोरालाही ठाऊक असते. पण समुद्राला सातबारा नाही. भराव पडला, कांदळवन गेले, होड्यांची वाट बंद झाली. जमीन गेल्याची नोंद झाली, पाणी गेल्याची झाली नाही. शेवटी पारंपरिक मच्छिमार राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठाकडे गेले. २७ फेब्रुवारी २०१५ रोजी १,६३० कुटुंबांसाठी ९५ कोटी १९ लाख रुपयांच्या भरपाईचा आदेश झाला आणि ती बंदर चालवणारी जेएनपीटी, सिडको व ओएनजीसी यांनी द्यावी असे ठरले. आकड्यापेक्षा मला त्यातली कबुली मोठी वाटते. पाण्यावरच्या वहिवाटीचेही नुकसान होते आणि ते मोजता येते. बंदर सुरू झाल्यानंतर पंचवीस वर्षांनी ही कबुली मिळाली. सुरुवातीच्या बैठकीत चार नाखवे आणि बाजारात मासळी विकणाऱ्या चार बायका बसवल्या असत्या, तर एका दुपारी पाण्यावरच्या वहिवाटीचा नकाशा तयार झाला असता. मासळीचा रोजचा हिशेब त्या बायकांच्या तोंडी असतो.

तिसरा मुद्दा कोणाशी बोलायचे हा. आमच्या शास्त्रात एक छोटे गणित आहे. एखाद्या कामात जितके पक्ष, त्यांच्यात जोड्या किती होतात ते मोजायचे. तितक्या संवादाच्या वाटा. उरणच्या माणसाच्या आयुष्यात किती संस्था आहेत? सिडको, जेएनपीए (पूर्वीची जेएनपीटी), ओएनजीसी, नौदल, रेल्वे, मेरीटाईम बोर्ड, महामार्ग प्राधिकरण, एमएमआरडीए, जिल्हाधिकारी कार्यालय, वनखात्याचा कांदळवन कक्ष. झाल्या दहा. त्यांच्यात ४५ वाटा. अकरावी नगर परिषद आली की ५५. यांतल्या एका वाटेवर पत्र अडकले तरी काम अडते, आणि ते कुठे अडकले हे शोधत हिंडतो तो गावकरी. भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो १५ मार्च २०२० रोजी सुरू झाली; मोऱ्याच्या रो-रोची वाट तुम्ही अजून पाहत आहात. नेरूळ-उरण रेल्वेचा खारकोपरपर्यंतचा टप्पा नोव्हेंबर २०१८मध्ये सुरू झाला आणि उरणला गाडी पोहोचली १२ जानेवारी २०२४ला. त्याच दिवशी २१.८ किलोमीटरच्या अटल सेतूचेही उद्घाटन झाले. समुद्रावर पूल बांधणे आणि जमिनीवर काही किलोमीटर रूळ टाकणे एकाच दिवशी पुरे झाले, यातच जमिनीवरची गुंतागुंत कळते.

याला जोडून बदल्यांचा प्रश्न येतो. अधिकारी तीन वर्षे असतो, गाव पिढ्यान्पिढ्या असते. दि. बा. पाटील आमदार होते, खासदार होते, विरोधी पक्षनेते होते. २०१३ साली गेले तोपर्यंत या प्रश्नाचा प्रत्येक कागद त्यांना तोंडपाठ होता. समोर मात्र दर वेळी नवा माणूस, ‘मी फाइल पाहून सांगतो’ म्हणणारा. एका बाजूला स्मरण आणि दुसऱ्या बाजूला फाइल, अशी ही वाटाघाट. स्मरणाला पुरावा लागतो, म्हणून मी गावांना एकच आग्रह करतो. बैठकीचे इतिवृत्त मराठीत, बैठक उठायच्या आधी वाचून दाखवलेले आणि दोन्ही बाजूंच्या सह्यांचे हवे. एक प्रत ग्रामपंचायतीच्या दप्तरात राहावी. महिन्याने टपालाने येणारे इतिवृत्त हे एका बाजूचे आत्मचरित्र असते.

गावातल्या मतभेदांबद्दलही दोन शब्द बोलायला हवेत, कारण ते आपण बाहेरच्यांसमोर बोलत नाही. भूखंड घेऊन मोकळे व्हावे असे कोणाला वाटते, जमीन सोडूच नये असे कोणाला. कंत्राटे, कामगारभरती, पार्किंगचे ठेके यांतून गावचे पुढारीही वाटले जातात. गावकीत हे उघड बोलले गेले नाही, तर समोरचा पक्ष प्रत्येकाशी वेगळा बोलतो. २००८ साली शेजारच्या पेण तालुक्यात एक वेगळा प्रयोग झाला. महामुंबई सेझ या विशेष आर्थिक क्षेत्राविरुद्ध शेतकरी एन. डी. पाटील आणि उल्का महाजन यांच्यासारख्यांच्या नेतृत्वाखाली उभे राहिले आणि २१ सप्टेंबरला हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत सरकारने जनमत घेतले. त्याचा निकाल अधिकृतपणे जाहीर झाला नाही, पुढे भूसंपादनच बारगळले. तरी त्या दिवसाने एक दाखवून दिले. गावागावांत रांगेत उभे राहून लोक शांतपणे आपले मत देऊ शकतात, त्यासाठी रस्त्यावर उतरावे लागत नाही. फक्त कोणीतरी विचारावे लागते, आणि निर्णय व्हायच्या आधी विचारावे लागते.

हे सगळे आज का सांगायचे? कारण पुढचा अंक सुरू झाला आहे. ऑक्टोबर २०२४मध्ये उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतल्या १२४ गावांसाठी एमएमआरडीएला नवनगर विकास प्राधिकरण नेमले गेले. क्षेत्र सुमारे ३२३ चौरस किलोमीटर, म्हणजे जवळजवळ आणखी एक नवी मुंबई. १९७० साली आपल्या आजोबांसमोर जे टेबल मांडले गेले, तेच आता नातवंडांसमोर येणार. विरोध करायचा की स्वीकार, हे ज्याने त्याने ठरवावे. तो सल्ला द्यायला मी आलो नाही. पण टेबलाशी बसणाऱ्याने तीन गोष्टी मागाव्यात असे मला वाटते.

पहिली, यादी सातबाऱ्यावरून निघणार नाही. जमीन कसणारा, पाण्यावर जगणारा, मजुरी करणारा आणि बाजारात बसणारी, यांची नोंद गावसभेत होईल.

दुसरी, समोर बसणाऱ्याला शब्द द्यायचा अधिकार आहे का, हे तो पहिल्याच वाक्यात सांगेल. नसेल तर चहा घेऊन उठावे, त्यात कोणाचा अपमान नाही.

तिसरी सर्वांत महत्त्वाची. प्रत्येक आश्वासनापुढे तीन रकाने असावेत: तारीख, पैसा कुठल्या खात्यातून, आणि ‘हे झाले नाही तर प्रकल्पाचे कुठले काम थांबेल’. या तिसऱ्या रकान्यात ‘काही नाही’ असे उत्तर आले, तर समजावे की हे आश्वासन कोणी पाळणार नाही. माणसे वाईट असतात म्हणून नव्हे. साइटवर ज्याची कोणी वाट पाहत नाही ते काम होत नाही, इतका सरळ नियम त्यामागे आहे. विकसित भूखंड आधी, ताबा नंतर. कोळीवाड्याची नवी जेट्टी आधी, भराव नंतर. गावठाण विस्तार आधी, आराखड्याला मंजुरी नंतर. असा क्रम एकदा कागदावर आला की त्याची आठवण करून द्यायला मोर्चा लागत नाही. ठेकेदारच रोज सकाळी येऊन विचारतो, तुमचे काम झाले का, म्हणजे मला माझे सुरू करता येईल.

प्रकल्प करणाऱ्यांपैकी कोणी इथे बसले असतील, तर त्यांनाही सांगतो. या क्रमाने प्रकल्प महाग होतो, अशी भीती तुम्हाला वाटते. मग १९७० ते १९९४ ही चोवीस वर्षे, हनुमान कोळीवाड्याच्या बैठका, न्यायाधिकरणातले दावे आणि खारकोपर-उरण गाडीची सव्वापाच वर्षे, हे एका पानावर लिहून त्याची बेरीज करा. शब्द आधी पाळणे खर्चिक असते, हे खरे. नंतर पाळणे त्याहून खर्चिक असते, आणि त्या बिलावर गावाचीही रक्कम असते.